सातवा खडा

पनवेलमध्ये जन्म घालवून श्रीमंत न होणं ही काही सोपी गोष्ट नाही. त्याला चिकाटी लागते. आमच्या आजूबाजूला ज्यांच्याकडे भाताची खाचरं होती त्यांचे टॉवर झाले, ज्यांच्याकडे मिठागरं होती त्यांची गोदामं झाली, आणि विमानतळ येणार येणार म्हणता म्हणता ज्यांच्याकडे नुसता खडकाळ चढ होता त्यांनाही कोणीतरी तो सपाट करून वर पैसे दिले. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि प्रत्येक विषयावर एक मत, एवढीच मालमत्ता. मताला गुंठ्याचा भाव लागत नाही.

त्यामुळे यंदा गौरीच्या दिवशी पनवेलच्या भूमीतून एक वस्तू आपण होऊन माझ्या घरी चालत आली, तेव्हा मी जरा वाहवत गेलो. एवढं मान्य करतो आणि पुढचं सांगतो.

आमच्या परचुरे घराण्यात गौरी खड्यांच्या असतात. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, रोषणाई नाही. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, तबकात मांडायचे, पूजा करायची, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवायचा आणि तिसऱ्या दिवशी गणपतीबरोबर पाण्यात सोडायचे. स्वस्त आणि सुटसुटीत देव आहे, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर घरात काय झालं ते इथे सांगण्याचं कारण नाही. नियम दोनच. खडे आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे वाटेत बोलायचं नाही. आणि घरी पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही.

आजवर हे काम शशिकला, म्हणजे माझी बायको, करत आली. यंदा घरात नवी सून आली. दिपिका खारघरच्या एकविसाव्या मजल्यावर वाढलेली. पाणवठा म्हटल्यावर तिला पोहण्याचा तलाव आठवला असला तरी तिने तसं दाखवलं नाही. आमचा रूपेश न्हावा शेव्याला पाळीवर होता. "पहिली गौर तुझ्या हातची," असं शशिकलाने तिला सांगितलं आणि दोघी वडाळे तळ्यावर गेल्या. येताना दिपिका पुढे, हातात खणाने झाकलेलं तबक, गालात पाणी. आणि शशिकला मागून. मी घरात निरांजन पेटवून आणि घंटा हातात घेऊन सज्ज होतो. घरातल्या पुरुषाच्या वाट्याला एवढंच येतं.

दारात शशिकलाने सुनेच्या पायांवर पाणी घातलं, मग तबकातल्या खड्यांवर घातलं. सहा खडे काळे निघाले, जसे पनवेलचे खडे निघायला हवेत तसे. सातव्याची माती धुतली गेली आणि तो निळा निघाला.

निळा म्हणजे साधासुधा निळा नव्हे. मोराच्या मानेचा रंग सगळ्यांना माहीत आहे, तो तिथून चोरलेला असावा असा. एका बाजूला बारीक बारीक स्फटिक चमकत होते. मी घंटा वाजवायची विसरलो. दिपिकाचा चेहरा पांढरा पडला होता. पहिली गौर, दडपण येणारच, असं मला वाटलं. शशिकलाने शांतपणे सातही खड्यांना हळदकुंकू लावलं आणि तबकात तांदूळ पसरून, मधे केळीच्या पानाचा द्रोण ठेवून मांडणी केली.

संध्याकाळी दर्शनाला दाजी म्हात्रे आले. दाजी तळमजल्यावर राहतात. त्यांच्या कंटेनर ओढणाऱ्या गाड्या बंदरावर चालतात, आणि जमिनीचे किती आले हे ते कधीच सांगत नाहीत. दारातल्या गाड्या सांगतात. मात्र माणूस मनाचा मोकळा.

"परचुरे सायेब, गौरीला आलू, पन मन थाऱ्यावं नाय," दाजी बसता बसता म्हणाले. "आमचे दारानची सोनचाफ्याची कुंडी हाय ना, तिचे खालचा टेकू कोनीतरी नेला. सकालपासून कुंडी डुलतंय. दगड चोरतान लोकं! काय दिवस आलं!"

मी सहानुभूती व्यक्त केली. दिपिकाने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, तो रिकामाच.

मग दाजींची नजर तबकावर गेली. ते पुढे वाकले. "यो निला कुठला?"

"तळ्यावरचा," मी अभिमानाने म्हणालो.

"तल्यान असा दगड?" दाजींनी आवाज खाली आणला. "आमचे हयातीत असा दगड आमी बगला नाय. सायेब, यो लाखाचा माल हाय. कोनाला दाखवा. पन सोन्याचे दुकानान नका नेऊ, ते फसवतीन."

पनवेलमध्ये ज्या माणसाला जमिनीतलं कळतं त्या माणसाने हे म्हटलं होतं. मी त्या रात्री झोपलो खरा, पण स्वप्नात मला दारात उभी गाडी दिसली आणि दाजी तिच्याकडे बघत होते.

दुसरा दिवस पूजेचा. दुपारी घावन-घाटलं खाऊन सासू-सुना आडव्या झाल्या आणि मी मोबाईलवर संशोधनाला बसलो. दगड ओळखण्यावर जगात इतकी माणसं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. एकाने सांगितलं, खिळ्याने ओरखडा काढा. उठला तर दगड मऊ. मी देवीची क्षमा मागून ओरखडा काढला. उठला. दुसऱ्याने सांगितलं, न चकाकणाऱ्या पांढऱ्या फरशीवर घासा, रेघेचा रंग बघा. न्हाणीघराच्या कामातला फरशीचा एक तुकडा माळ्यावर होता. त्याच्या पाठीवर मी गौर घासली. सुंदर निळी रेघ उमटली. तिसऱ्याने सांगितलं, आम्ल टाका. बुडबुडे आले तर तांब्याचं निळं खनिज. घरात आम्ल म्हणजे लिंबू. मी लिंबू पिळलं आणि कान लावला. फुसफुस ऐकू आली. ती खनिजाची होती की माझ्या दम्याची, हे आजही सांगता येणार नाही, पण बुडबुडे डोळ्यांनी पाहिले.

आता हा शोध कायदेशीर करणं आवश्यक होतं. मी जन्मभर नियमाने वागलेला माणूस. जमिनीतून निघालेल्या वस्तूवर सरकारचा हक्क असतो असं कुठेतरी वाचलेलं होतं, तेव्हा आधी सरकारला विचारावं आणि मग श्रीमंत व्हावं, असा माझा बेत. पण दगड न्यायचा कसा? तबकात सहा खडे दिसले तर घरात काय होईल याची कल्पना होती. दिपिकाची पहिली गौर. तिच्या आईला फोटो गेलेले. एक खडा कमी झाला तर नव्या सुनेच्या माथी अपशकून येणार, आणि तो सासऱ्यामुळे. म्हणून मी सोसायटीच्या बागेतून तेवढ्याच आकाराचा खडा आणला, कपड्यांच्या निळीत बुडवला, पंख्याखाली वाळवला आणि तबकात ठेवला. लांबून ओळखू येत नव्हता. देवाला जवळून कोण बघतं?

सरकारी कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या कारकुनांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दगड ना? मग गौण खनिज. किती ब्रास?"

"ब्रास नाही हो, डंपरभर वाळू थोडीच आहे? एक नग."

"नग असा रकाना नाही."

"पण हा मौल्यवान असू शकतो."

"मौल्यवान असेल तर गौण नाही. गौण नसेल तर आमच्याकडे नाही. पण दगड असेल तर आमच्याकडेच." त्यांनी चष्मा पुसला. "उत्खनन कुठे केलं?"

"उत्खनन नाही, तळ्याकाठी सापडला."

"सापडायला आधी काढावा लागतो. इथे कशावरून आणलात?"

"स्कूटरवरून."

"वाहतूक परवाना?"

खडी-वाळूचे डंपर पकडतात हे मी पेपरात वाचत होतो. डिकीत रुमालात गुंडाळलेल्या गौरीसकट माझी स्कूटर त्या रांगेत उभी असल्याचं चित्र मला दिसलं.

"आणि उत्खनन करणाऱ्याचं नाव?" त्यांनी पेन उघडलं.

आता सांगा, काय सांगायचं? सून? लग्नाला वर्ष नाही झालं त्या पोरीचं नाव सासऱ्याने स्वतः जाऊन बेकायदा उत्खननात घालायचं? "मी घरी विचारून येतो," असं म्हणून मी उठलो. मागून आवाज आला, "स्कूटरचा नंबर सांगून जा! पंचनाम्याला यावं लागेल!" मी ऐकलंच नाही, असं दाखवण्याइतका जोरात चाललो.

घरी येतो तो हळदीकुंकवाच्या बायकांनी खोली भरलेली. खडा परत ठेवायला तबकापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. आणि तबकाभोवतीच तर गर्दी होती. दुपारपासून प्रत्येकीने गौरीला हळद वाहिली होती, आणि निळीवर ओली हळद बसल्यावर काय होतं हे कुठलीही बालवाडीतली मुलगी सांगेल.

"अगं बाई, गौर हिरवी झाली!" दुसऱ्या मजल्यावरच्या गोदूबाई ओरडल्या. गोदूबाईंना सगळ्याचा अर्थ कळतो. "हिरवी! शशिकला, हिरवा चुडा, हिरवी ओटी... दिपिका, काही बातमी आहे का गं?"

सगळ्या दिपिकाकडे बघायला लागल्या. पोर रडवेली झाली होती. "नाही हो काकू," एवढंच कसंबसं बोलली आणि आत गेली. हिला सगळं कळलंय, मला वाटलं. हिने मला लिंबू पिळताना पाहिलंय आणि सासऱ्याची अब्रू झाकण्यासाठी गप्प बसली आहे. शशिकला मात्र शांतपणे म्हणाली, "बघू. गौरीच्या मनात असेल ते होईल." आणि चहा ठेवायला गेली. खिशातला खडा मांडीला टोचत होता.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. आता माघार नाही, असं ठरवून मी खारघरला निघालो. तिथे मनिषा मॅडम राहतात. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. त्यांनी दुपारी वेळ दिली होती. या खेपेला मी रिक्षाने गेलो, कारण स्कूटरला आता नजर लागलेली होती.

मॅडमनी रुमाल सोडला, भिंगाने पाहिलं आणि हसल्या. "अझुराइट. तांब्याचं खनिज आहे. स्फटिक छान आहेत. कुठून आणलंत?"

"पनवेलला सापडलं."

"शक्यच नाही. आपल्याकडे सगळा काळा बेसाल्ट. हे बाहेरून आलंय, आफ्रिकेतून वगैरे. कुणीतरी आणून टाकलं असणार."

"दुर्मीळ आहे ना पण?" माझा आवाज जरा चिरका निघाला.

"असं अखंड, स्वच्छ मिळालं तर संग्रह करणारे लोक चांगले पैसे देतात. पण हे..." त्यांनी खडा फिरवला. "हा ओरखडा कसला?"

"खिळा," मी म्हणालो.

"आणि ही बाजू झिजलीय ती?"

"फरशी."

"आणि इथे हे खरबरीत, पांढरट?"

"लिंबू."

मॅडमनी खडा नाकाशी नेला. "आणि वास?"

"अष्टगंध."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "काका, तुम्ही ओळखलंत बरोबर. सगळ्या टेस्ट अगदी परफेक्ट केल्यात. फक्त ज्या बाजूने केल्यात ना, तीच किमतीची बाजू होती."

"मग आता?"

"आता पेपरवेट म्हणून उत्तम."

खरं सांगतो, मला दुःख व्हायला हवं होतं. पण लिफ्टमध्ये उतरताना माझ्या छातीवरून कोणीतरी डंपर मागे घेतल्यासारखं वाटलं. लाख नाहीत, म्हणजे पंचनामा नाही, ब्रास नाही, सुनेचं नाव कागदावर नाही. आता फक्त एकच काम उरलं होतं. हा खडा विसर्जनाच्या आधी तबकात गेला पाहिजे. सुनेची गौर पुरी झाली पाहिजे.

आणि रस्ता बंद. बंदराकडचे ट्रेलर एकामागे एक उभे. रिक्षावाला हात सोडून बसला होता. "काका, आता गणपती बाप्पाच नेणार," तो म्हणाला. मी उतरलो आणि चालायला लागलो, आणि मधेमधे, माझ्या वयाला न शोभेल असा, पळायलाही लागलो.

तळ्यावर पोचलो तेव्हा पालिकेच्या हौदापाशी आमची मंडळी उभी होती. रूपेश गणपती घेऊन आरतीच्या रांगेत, शशिकला त्याच्याजवळ, आणि दाजी, कारण सगळ्यांना त्यांच्याच गाडीतून आणलं होतं. दिपिका तबक धरून जरा बाजूला. मी तिच्यापाशी गेलो.

"दिपिका, बाळ, माझ्याकडून फार मोठी चूक झाली," मी धापा टाकत म्हणालो. "तबकातली ती हिरवी गौर खरी नाही. खरी माझ्याकडे आहे. मी तिला लिंबू लावलं." आणि रुमाल पुढे केला.

तिने रुमालाकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाबा, तीही खरी नाही हो."

"म्हणजे?"

"येताना वाटेत एक खडा पडला. मला आवाज आला. पण तोंडात पाणी, ओरडता येईना. मागे वळायचं नव्हतं. गेटपाशी खण उचलून पाहिलं तर सहाच. मला काय करावं कळेना. तिथेच दाजीकाकांच्या दारातली कुंडी होती. तिच्याखालचा दगड मी काढला आणि तबकात ठेवला. चिखलाने माखलेला होता, मला काय माहीत तो निळा निघेल! तीन दिवस झोप नाही मला. आईंची इतक्या वर्षांची गौर, आणि मी कुंडीखालचा दगड..."

मी तिथेच हौदाच्या कठड्यावर बसलो. तीन दिवस एका घरात दोन चोर राहत होते आणि दोघंही एकमेकांना घाबरत होते.

दाजींना ऐकू गेलं होतं. ते जवळ आले, खडा हातात घेतला, उलटासुलटा केला. "आरं! यो तं आमचा टेकूच! पांडू डायवरनं रिकामा कंटेनर झाडताना आनला हुता, चार-पाच वर्सं झाली. चिखलान रंग कवा दिसलाच नाय!" आणि मग ते असे हसले की आरतीच्या टाळ्या चुकल्या. "मंजे सायेब, आमीच आमचे दगडाची किंमत लाख केली!"

"दाजी, माफ करा. घ्या तुमचा टेकू," मी म्हणालो.

दाजींनी खडा एकदम माझ्या हातात परत दिला. "नाय, नाय. तीन दिस पूजा झालीय. आता ही गौर हाय. गौरीचे डोक्यावर कुंडी ठेवू का आमी?"

"मग सातवा खडा कुठला?" दिपिका रडत म्हणाली. "हा कुंडीचा, तो बागेतला. माझी गौर अपुरीच राहिली."

शशिकला कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नव्हतं. तिने तबकातला केळीचा द्रोण उचलला. खाली, तांदळात अर्धा दडलेला, एक काळा, गुळगुळीत खडा होता. हळदकुंकू लावलेला.

"तू पुढे होतीस, मी मागून होते," ती सुनेला म्हणाली. "पडलेला मी तिथल्या तिथे उचलला. पदरात धरून आणला आणि पहिल्या दिवशीच मांडला. सात पुरे आहेत, पहिल्यापासून."

"आई, तुम्ही मला कुंडीखालचा दगड काढताना..."

"पाहिलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या तोंडात पाणी होतं, तू काय उत्तर देणार होतीस? आणि घरात आल्यावर तुझा चेहरा बघितला. म्हटलं, राहू दे आठवा. गौर काही आठव्याला बाहेर काढत नाही." मग ती माझ्याकडे वळली. "नववा मात्र माझ्या निळीच्या बाटलीतून आला. ती अर्धी रिकामी झाली तेव्हाच कळलं मला."

माझ्यापाशी प्रत्येक विषयावर मत असतं हे मी सुरुवातीला सांगितलंच आहे. त्या वेळी एकही आठवलं नाही.

दिपिका सासूच्या गळ्यात पडली. तिला आधी हसू आलं की रडू, ते ठरेना. आम्ही सगळे खडे सोडले, काळे सहा, पदरातून आलेला सातवा, आफ्रिकेचा आठवा आणि निळीचा नववा. नवव्याने हौदातलं थोडं पाणी हिरवट केलं. तिथल्या स्वयंसेवकाने आमच्याकडे संशयाने पाहिलं, पण दाजी त्याच्या ओळखीचे निघाले. आठवा बुडताना एकदा चमकला. मला त्याचं काही वाटलं नाही. मला भूक लागली होती, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच लागली होती.

घरी आल्यावर मी माळ्यावरचा फरशीचा तुकडा काढला आणि खाली जाऊन दाजींच्या कुंडीखाली सरकवला. नेमका बसला. सोनचाफा सरळ उभा राहिला. तुकड्याची निळी रेघ बाहेरच्या बाजूला राहिली आहे. येता-जाता ती मला दिसते आणि मी जिन्याकडे बघत निघून जातो.

त्या कार्यालयातून नंतर कोणी आलं नाही. गोदूबाई मात्र अजून दर आठवड्याला दिपिकाला निरखून बघतात.

पुढच्या वर्षीची व्यवस्था शशिकलाने आत्ताच ठरवून टाकली. गौर दिपिकाच आणणार. "आणि या खेपेला मागून तुम्ही चाला," ती मला म्हणाली. "काम फार नाही. पडेल ते उचलायचं, आणि कुणाला सांगायचं नाही."

पहिलं मला जमेल.